दुकानाकडे पाठ

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर केळुसकरांचं भांड्यांचं दुकान आहे आणि केळुसकर त्या दुकानाकडे पाठ करून बसतात.

रागावून किंवा तिरके होऊन नव्हे. अगदी सरळ. दुकानाच्या पायरीवर स्टूल, स्टुलावर केळुसकर, तोंड कोपर स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याकडे आणि पाठीमागे पातेली, पराती, कळश्या, कुकर. गिऱ्हाईक आत शिरलं की बोलायला त्याच्या वाट्याला केळुसकरांचा फक्त शर्ट येतो. तरी धंदा चालतो, कारण पायरीलगतच्या खांबाला त्यांनी स्कूटरचा जुना आरसा तारेने बांधून घेतलाय. त्यात बघत बघत ते माल विकतात. "ताई, ते नको, त्याच्या खालचं घ्या. नाही, डावीकडचं. तुमचं डावं हो, आरशातलं नाही." नवीन माणसाला वाटतं की हा गृहस्थ रस्त्याशी बोलतोय. जुनी गिऱ्हाईकं हव्या त्या पातेल्याला हात लावून "हे?" असं ओरडतात आणि केळुसकर मान हलवतात.

तीन वर्षांपूर्वी मी खोपटहून इथे राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी चहाचं गाळणं घ्यायला गेलो होतो. पाच मिनिटं शर्टाशी बोलल्यावर माझा संयम संपला.

"काका, जरा इकडे बघाल का?"

"बघून काय करू? गाळणं मी बघितलेलं आहे. तुम्ही कोण ते सांगा."

मी कॉलेजात मार्केटिंग शिकवतो, असं जरा तोऱ्यात सांगितलं. केळुसकरांनी आरसा किंचित हलवून मला नीट पाहून घेतलं.

"मग तुम्हाला मी काय सांगणार, सर! माल आत असतो, धंदा बाहेर असतो."

मी गाळणं घेऊन जिना चढलो आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत चिडलो होतो. आमच्या अभ्यासक्रमात 'बाह्य घटकांचा विपणनावरील परिणाम' नावाचं एक प्रकरण आहे. समाज बदलतो, महागाई वाढते, सरकार काहीतरी जाहीर करतं, नवं यंत्र येतं आणि दुकानदाराला त्याप्रमाणे नाचावं लागतं, एवढंच त्यात सांगितलंय. हे सांगायला मला चार तास लागतात आणि चौथ्या तासाला वर्गात निम्मी मुलं उरतात. इथे एका भांडीवाल्याने ते गाळण्याबरोबर फुकट दिलं होतं. पुढच्या वर्षी मी माझ्या नोट्स रद्दीत घातल्या आणि आमच्या गॅलरीतून जे दिसतं ते शिकवू लागलो.

गॅलरीतून दिसायचं ते असं. सकाळी आठला केळुसकर पेपर वाचतात. त्यातल्या बातम्यांशी त्यांना देणंघेणं नसतं. पेपर मिटला की ते खडू घेतात आणि पायरीवरच्या फळ्यावर त्या दिवसाची जाहिरात लिहितात. अक्षर असं की वाचायला दोन माणसं लागतात, एक वाचणारा आणि एक अंदाज करणारा. कर्जाचे व्याजदर वाढले त्या सकाळी फळ्यावर होतं: 'हप्ता वाढला? हॉटेल सोडा. कुकर आत आहे.' बिनतेलाचं तळायच्या यंत्रांची लाट आली तेव्हा कढया खपेनात. केळुसकरांनी एका कढईत तुळस लावून ती पायरीवर ठेवली आणि लिहिलं: 'तेल सोडलंत, कढई कशाला सोडता?' त्या आठवड्यात सात कढया गेल्या. सातही गॅलऱ्यांत तुळस आहे.

रस्ता काँक्रीटचा करायला घेतला तेव्हा दुकानासमोर कमरेएवढा खड्डा आठ महिने होता. इतर दुकानदार निवेदनं देत फिरले. केळुसकरांनी खड्ड्यावर एक फळी टाकली आणि जाहीर केलं: 'खड्डा ओलांडणाऱ्यास चमचा फुकट.' लोक चमच्यासाठी खड्डा ओलांडू लागले आणि आलोच आहोत तर म्हणून एखादं झाकण घेऊन जाऊ लागले. पलीकडच्या इमारतीतल्या एक आजी दिवसातून चारदा येत. चौथ्या दिवशी केळुसकरांनी आरशातून विचारलं, "आजी, घरात माणसं किती?" आजी म्हणाल्या, "मी एकटीच. पण तू देतोयस तर मी कशाला नको म्हणू?" रस्ता झाला तेव्हा आजींइतकं दुःख कोपरमध्ये कुणालाच झालं नसेल.

थाळ्या वाजवायची हाक आली तेव्हा मी इथे राहत नव्हतो. पण ती हकिकत मला इतक्या जणांनी सांगितली आहे की आता मी तिथे होतोच असं मला वाटतं. रविवारी संध्याकाळी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवायच्या होत्या आणि मध्ये जेमतेम दोन दिवस होते. केळुसकरांनी दुकानातली सगळी ताटं पायरीवर काढली, एकेक वाजवून पाहिलं आणि आवाजाप्रमाणे तीन ढीग लावले. फळा: 'पहिला मजला. तिसरा मजला. सातवा मजला. मजला सांगून थाळी घ्यावी.' लोक खरोखरच मजला सांगून थाळी नेऊ लागले. एक बाई तिसऱ्या मजल्याची नेलेली बदलून घ्यायला आल्या. राहायला त्या तिसऱ्यावरच होत्या, पण शेजारच्या इमारतीतल्या जाऊबाईंनी सातव्याची नेली होती. 'थाळ्यांचे पोचे काढून मिळतील' हा फळा केळुसकरांनी त्याच रात्री तयार ठेवला होता. टाळेबंदीमुळे तो लावायला मात्र पुढे कित्येक आठवडे मिळालं नाही.

सगळेच प्रयोग फळले असं नाही. एकत्र घरं मोडून भाऊ वेगवेगळे फ्लॅट घेऊ लागले, हे केळुसकरांनी स्टुलावरून बरोबर हेरलं आणि 'वाटणी सेट' काढला. सगळं दोन-दोन, एका मापाचं, आधीच वाटलेलं. पहिलेच दोन भाऊ आले ते तासभर भांडले. एकाच्या परातीवर कंपनीचा स्टिकर होता आणि दुसऱ्याच्या परातीवरचा निघून गेला होता. दोन्ही वहिन्यांना फोन झाले. शेवटी केळुसकरांनी, पाठ न वळवता, मागे हात करून ती परात मागून घेतली, स्टिकर सोलला, कात्रीने मधोमध कापला आणि अर्धा-अर्धा दोन्ही परातींना चिकटवला. भाऊ समाधानाने गेले. सेट केळुसकरांनी बंद केला.

आता नावांबद्दल सांगायला हवं. पूर्वी आपल्याकडे भेटीचं भांडं नावाशिवाय दिलं जात नसे. दुकानातच छोट्या मशीनवर टिंबाटिंबांनी नाव घालून मिळायचं: अमक्याकडून तमक्यास, सप्रेम भेट. आमच्या घरी एक तांब्या आहे, त्यावर माझ्या आत्याचं नाव आहे. तिचं आमचं बोलणं बंद होऊन वीस वर्षं झाली, पण रोज रात्री उशाशी तीच असते.

केळुसकरांच्या दुकानात हे मशीन होतं. आतल्या कोपऱ्यात, फुलाफुलांच्या जुन्या चादरीखाली झाकलेलं. त्याच्या वर भिंतीवर त्यांच्या बायकोचा हार घातलेला फोटो. काकी गेल्या आहेत, एवढं मला माहीत होतं. मी एकदा विचारलं, "नाव घालून देत नाही का हल्ली?"

"वारं फिरलं, सर. लोकांना आलेली भेट पुढे ढकलायची असते. नाव घातलं की डबा अडकतो."

किती अचूक! मी ते लगेच वर्गात सांगितलं. माझ्या मुलांनी परीक्षेत लिहिलं आणि मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

मग आमच्या भागातली पालिकेची निवडणूक एकदाची झाली आणि केळुसकरांचा धंदा बसला. ती लांबत होती तोवर प्रत्येक इच्छुकाला दर संक्रांतीला हळदीकुंकू करावं लागे आणि वाणाच्या वाट्या, डब्या, चाळण्या शेकड्यांनी जात. निकाल लागला. जे निवडून आले त्यांना गरज उरली नाही आणि जे पडले त्यांना इच्छा. बाकीचं गिऱ्हाईक मोबाइलवर बोट दाबून दहा मिनिटांत सांडशी मागवू लागलं. केळुसकरांनी फळ्यावर लिहिलं: 'आम्ही दोन मिनिटांत देतो. फक्त तुम्ही खाली या.' कुणी खाली आलं नाही.

त्याऐवजी मोमोवाला येऊ लागला. चांगला माणूस होता, दोष नव्हता त्याचा. त्याला दुकानाची जागा हवी होती. रोज चारला यायचा, मोजपट्टी काढायचा आणि दुकानाची लांबी-रुंदी मोजायचा. जागा रोज तेवढीच भरायची. केळुसकरांनी त्याला पाडव्यापर्यंतची मुदत दिली होती. पाडव्याला धंदा उभा राहिला नाही तर किल्ली द्यायची. दरम्यान त्यांनी आरशातूनच त्याला मोमो उकडायची तीन मजली भांडी विकली होती.

"काका, ही भांडी दुकान हातात आल्यावर घेईन ना मी," तो म्हणाला.

"तेव्हा मी इथे नसेन. आत्ताच घ्या."

मला मात्र रात्री झोप लागेना. ते दुकान गेलं तर केळुसकर कुठे पाठ करून बसणार, आणि मी काय शिकवणार? दुसरी काळजी पहिलीपेक्षा किंचित मोठी होती, हे कबूल करतो.

अशात पेडणेकरबाई आल्या. समोरची जुनी इमारत पाडून तिथे बावीस मजली टॉवर झालाय आणि आठ वर्षं भाड्याने इकडेतिकडे राहिलेली मूळची अठ्ठेचाळीस घरं पाडव्याला परत येणार होती. पेडणेकरबाई त्यांच्या सेक्रेटरी. मी तेव्हा पायरीवरच होतो.

"पोळ्यांचे अठ्ठेचाळीस डबे हवेत, केळुसकर. प्रत्येकावर त्या त्या घराचं नाव."

"मशीन बंद आहे."

"दुरुस्त करा मग."

"पार्ट मिळत नाही."

"अहो, आमच्या जुन्या घरातलं प्रत्येक भांडं तुमच्याकडून नाव घालून नेलेलं. पोरं त्याचे फोटो टाकतायत मोबाइलवर. आता सगळ्यांना नावाचंच हवंय. लेझरचं ऑनलाइन मिळतं हो, ते नको. ते आपलं टिंबाटिंबांचं हवं."

"हल्ली लोकांना नाव नको असतं."

"केळुसकर, लोक म्हणजे मीच ना? मी सांगतेय की हवंय!"

केळुसकर रस्त्याकडे बघत राहिले. गुरुवारपर्यंत कळवा, असं सांगून बाई गेल्या. त्यांच्यामागे मोजपट्टी घेऊन मोमोवाला आला आणि माझा तोल सुटला.

"तीन वर्षं मला शिकवताय, बाहेर बघा, बाहेर बघा! खड्डा आला, तुम्ही वळलात. थाळी आली, वळलात. आज बाहेरचं वारं स्वतःच्या पायाने आत आलं, अठ्ठेचाळीस डबे घेऊन, आणि तुम्ही मशीन बंद म्हणता? बघू कसं बंद आहे!"

मी तरातरा आत गेलो, चादर ओढली आणि बटण दाबलं.

टर्रर्र. मशीन ठणठणीत होतं. त्याला तेलसुद्धा नुकतंच दिलेलं होतं.

बाहेर स्टूल पडल्याचा आवाज झाला. केळुसकर वळून उभे होते. दुकानात उभं राहून त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि तो बघून माझा सगळा आवेश गेला.

"बंद करा, सर."

मी बंद केलं. मोमोवाल्याने मोजपट्टी खिशात घातली आणि आज राहू दे म्हणून तो निघून गेला. मशीनच्या सुईखाली एक छोटी वाटी होती. तिच्यावर बारीक, एकसारख्या टिंबांचं सुंदर अक्षर होतं: 'चि. अनुष्का हिच्या बार'. पुढे काही नव्हतं.

"बारशाची वाटी," केळुसकर दारातूनच म्हणाले. "'बार'पर्यंत आली आणि म्हणाली, जरा चक्कर येतेय. मी म्हटलं, चहा टाकतो. सहा वर्षं झाली."

"नावं काकी घालायच्या?"

"मग कोण? माझं अक्षर बघताय ना रोज फळ्यावर? ती इथे कोपऱ्यात बसायची, मी तिथे स्टुलावर. तेव्हा तोंड आतच असायचं माझं. ती गेल्यावर दुकान उघडलं, बसलो, समोर हे मशीन. बसवेना. स्टूल फिरवलं."

मी चादर पुन्हा मशीनवर घातली. मग, शिक्षकाचा स्वभाव, विचारलंच. "आणि माल आत असतो, धंदा बाहेर असतो, ते?"

"ते नंतर सुचलं, सर. कुणीतरी विचारलं, असे उलटे का बसता? काहीतरी सांगायला हवं होतं ना."

बाहेर येऊन मी खांबावरच्या आरशात डोकावलो. पराती, कळश्या, कुकर, गल्ला, सगळं दिसत होतं. कोपरा तेवढा दिसत नव्हता. तीन वर्षं मी या माणसाला शहाणा समजत होतो आणि वर्गात त्याचंच शिकवत होतो, पण तो दुःखात आहे हे मला एकदाही कळलं नाही. मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या कुणाला तरी मशीनवर बसवू, असंही मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "तिथे दुसरं कुणी नको."

बुधवारी सकाळी मी टर्रर्र आवाजाने जागा झालो. खाली केळुसकर मशीनवर बसले होते, नाकाच्या टोकावर चष्मा, बाजूला बिघडलेल्या चमच्यांचा ढीग. आजींच्या वेळचे उरलेले चमचे शेवटी कामी आले होते. प्रत्येक चमच्यावर 'केळुसकर' लिहिलेलं होतं आणि एकावरही ते वाचता येत नव्हतं. त्या दिवशी फळा कोराच राहिला.

डबे तयार झाले. पेडणेकरबाईंनी पहिला डबा लांब धरला, मग जवळ धरला.

"हे काय हो? कोणी घातलंय नाव? काकी कुठायत?"

केळुसकरांनी फोटोकडे बोट केलं. आठ वर्षं बाई घणसोलीला होत्या, त्यांना कळलंच नव्हतं. त्या बराच वेळ फोटोसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस डबे घेतले, एकाही नावाबद्दल तक्रार केली नाही आणि वर स्वतःसाठी एक सांडशी घेतली. टॉवरमध्ये त्या वाकड्या अक्षराचं भलतंच कौतुक झालं. तरुण पोरं म्हणाली, किती ओरिजिनल वाटतंय! ती दुकानात येऊन 'सेम असंच वाकडं' मागू लागली. केळुसकरांना ते वाकडं मुद्दाम काढावं लागत नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मोमोवाला शेजारचा गाळा मोजू लागला.

पाडव्याला दुकानात उभं राहायला जागा नव्हती, आणि भर अकरा वाजता केळुसकरांनी शटर ओढलं.

"चला, सर. बारशाला जायचंय."

"कुणाच्या?"

"अनुष्काच्या."

जुन्या वहीत तिच्या आजोबांचा नंबर होता. घर विठ्ठलवाडीला निघालं. अनुष्काने स्वतःच दार उघडलं. साडेसहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, मराठी शाळेत पहिलीत. आजोबा आतून लगबगीने आले, केळुसकरांना ओळखून थबकले आणि हात जोडून म्हणाले, "अहो, ती वाटी मागायला त्या वेळी कुठल्या तोंडाने येणार होतो?" केळुसकरांनी खिशातून वाटी काढली आणि अनुष्काच्या हातात दिली.

तिने ती उजेडात धरली आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. "चि. अ-नु-ष्का. माझं नाव! हि-च्या. बा-र..." तिथे ती अडली. वाटी फिरवून पाहिली. "पुढचं वाचताच येत नाही."

"शानिमित्त," केळुसकर म्हणाले. "ते मी लिहिलंय."

"आणि हे आधीचं?"

"ते माझ्या बायकोने."

"तिचं अक्षर छान आहे."

"हो. फार छान."

"मग सगळं तिनेच का नाही लिहिलं?"

"तिला बरं वाटत नव्हतं."

अनुष्काने जरा विचार केला. "मग बरं वाटल्यावर लिहायचं ना," ती म्हणाली.

मी दाराबाहेर बघू लागलो. केळुसकर मात्र तिच्याकडेच बघत होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हो गं, बाळा. तसंच करायला हवं होतं." ते तिथे, परक्याच्या दारात, मोकळेपणी रडले आणि मग आत बसून त्यांनी श्रीखंडाची दुसरी वाटीसुद्धा खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उगाच काहीतरी घ्यायला म्हणून खाली गेलो. स्टूल पायरीवर होतं, पण केळुसकरांची पाठ रस्त्याकडे होती. आरसा खांबावरून काढून त्यांनी आत, मशीनच्या वर, फोटोच्या शेजारी अडकवला होता. त्यात त्यांना मागचा रस्ता दिसत होता, आणि त्यावरून येणारा मी.

"या, सर. काय देऊ?"

"धंदा बाहेर असतो ना? मग हे काय?"

"ते तुमच्या मुलांना शिकवत राहा," केळुसकर म्हणाले. "परीक्षेला येतं."

आणि ते उठून मशीन पुसायला गेले.